वीज गेल्यावरचं विमान

12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदमच गेली. लोकल रुळांवर जागच्या जागी उभ्या राहिल्या, सिग्नल मालवले. कोविडचे दिवस असल्यामुळे रुग्णालयांना तर जीव मुठीत धरून बसावं लागलं. त्या बिघाडाचं एक टोक पडघ्याच्या उपकेंद्रात होतं. खडवली स्टेशनाबाहेरून भातसा ओलांडून जाणारा रस्ता त्याच पडघ्याला जातो, म्हणून ही घटना आमच्या बाजूला जरा जवळची वाटली. पडघा ते कळवा 400 किलोव्होल्टच्या दोन वाहिन्या आहेत. त्यातली एक दुरुस्तीसाठी बंद होती. तिचा भार दुसरीवर होता, आणि नेमकी ती दुसरी बिघडली. यापलीकडे आणखी एक सोय होती: ग्रिड कोसळलं तर मुंबईला त्यापासून तोडून तिच्या स्वतःच्या वीजकेंद्रांवर चालवायचं, ज्याला आयलंडिंग म्हणतात. ती योजना कित्येक वर्षांपासून तयार होती. त्या सकाळी तीही टिकली नाही.

कागदावर पाहिलं तर तीन पदरी सोय होती. प्रत्यक्षात पहिला पदर आधीच काढून ठेवलेला, दुसरा ताणलेला आणि तिसरा पुरेसा न आजमावलेला निघाला. शहराचं एक बरं असतं, वीज परत येईपर्यंत त्याला थांबता येतं. विमानाला थांबता येत नाही. जमिनीपासून हजार मीटरवर इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणारा अल्टरनेटर बंद पडला, तर पुढची चाळीस मिनिटं जे काही चालायचं ते विमानात आधीच भरून ठेवलेल्या विजेवर आणि आधीच घालून ठेवलेल्या तारांवर चालणार. हे पुस्तक त्या चाळीस मिनिटांबद्दल आहे, आणि ज्यांनी आपलं विमान स्वतःच्या हातांनी बांधलं आहे किंवा बांधायला घेतलं आहे त्यांच्यासाठी आहे.

पडघ्यातच राखीव सोयीची चांगली बाजूही पाहायला मिळते. चंद्रपूरकडून सुमारे 750 किलोमीटर अंतर कापून येणारी उच्चदाब डीसी वाहिनी तिथे उतरते. 1999 पासून ती काम करते आहे. तिचे दोन ध्रुव आहेत, अधिक पाचशे किलोव्होल्टचा आणि उणे पाचशेचा, आणि दोन्ही मिळून 1500 मेगावॉट वाहून नेतात. एक ध्रुव बंद पडला तर दुसरा जमिनीतून परतीची वाट घेऊन आपला 750 मेगावॉटचा वाटा पोचवू शकतो. अर्धी यंत्रणा गेल्यावर उरलेल्या अर्धीत काय करायचं, याचं उत्तर वाहिनी उभारण्याआधीच आखलेलं होतं. घरच्या विमानाच्या वायरिंगमध्ये मला नेमकी हीच आखणी हवी आहे. ती 14 व्होल्टवर आणि पन्नास-साठ अँपिअरमध्ये करायची असते एवढाच फरक.

घरी विमान बांधतात हे ऐकून अजूनही पुष्कळांच्या भुवया उंचावतात. अमेरिकेत 1953 साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकीला अशा बांधणाऱ्यांची एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन काढली. तिथला कायदा सांगतो की विमानाचं निम्म्याहून अधिक काम शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून तुम्ही स्वतः केलेलं असेल, तर त्याला प्रायोगिक वर्गात नोंदणी मिळते. ओरेगनच्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या संचांपासून बांधलेली दहा हजारांहून अधिक विमानं आजवर उडाली आहेत. आपल्याकडची गोष्ट कांदिवलीच्या चारकोपमधली आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी 2016 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. 2017 च्या नोव्हेंबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, त्याची नोंदणी केली आणि व्हीटी-एनएमडी ही अक्षरं त्याला मिळाली. उड्डाणाची परवानगी 2019 मध्ये आली आणि 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. गच्चीपासून धावपट्टीपर्यंतचा हा प्रवास इतका लांबला त्यात यंत्रापेक्षा कागदांचा वाटा मोठा होता, असं मला वाटतं. तरी त्या प्रवासाने आपल्याकडच्या तरुणांना एक गोष्ट दाखवून दिली, की हे काम मराठी घराच्या गच्चीवरही होतं.

कसाऱ्याच्या पुढे घाट चढून गेलं की नाशिकजवळ ओझर लागतं. तिथे 1964 साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्याने आधी मिग आणि पुढे सुखोई विमानं बांधली. विमानातल्या तारांचे जुडगे बांधणारे, त्यांना नंबर घालणारे, एकेक लग दाबून ओढून पाहणारे कितीतरी मराठी हात तिथे तयार झाले. पण त्या हातांसमोर नकाशा पक्का असतो. कुठली तार कुठून जाईल, कुठला फ्यूज किती अँपिअरचा असेल, हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं आणि तिसऱ्याने तपासलेलं असतं. प्रमाणित विमानाच्या वीजयंत्रणेवर नियमांचाही पहारा असतो. उदाहरणार्थ, लहान विमानांसाठीच्या अमेरिकी नियमात 2017 पर्यंत अशी अट होती, की मुख्य वीजपुरवठा पूर्ण गेला तरी अत्यावश्यक उपकरणं बॅटरीवर किमान तीस मिनिटं चालली पाहिजेत. घरी बांधणाऱ्याच्या पाठीशी असा नकाशा नसतो. संचाबरोबर पंख येतात, चाकं येतात, कधी इंजिनही येतं, पण वीज कुठून कुठे न्यायची हे बहुतेक वेळा बांधणारा स्वतः ठरवतो. विमानाचा इतका महत्त्वाचा भाग इतक्या मोकळेपणाने क्वचितच कुणाच्या हाती दिला जातो. त्या मोकळेपणाचं मोल मला फार वाटतं, आणि म्हणूनच त्याची धास्तीही वाटते.

धास्ती वाटायला कारण आहे. विमानाचं इंजिन पूर्वी बॅटरीवर अवलंबून नव्हतं. राइट बंधूंनी 17 डिसेंबर 1903 ला किटी हॉकला उड्डाण केलं तेव्हा विमानात बॅटरीच नव्हती. इंजिन सुरू करायला जमिनीवरची बॅटरी वापरली, आणि पुढची ठिणगी इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोने दिली. मॅग्नेटोचं तत्त्व सायकलच्या डायनॅमोचंच: चुंबक फिरला की गुंडाळीत वीज तयार होते, बाहेरून काही घ्यावं लागत नाही. पुढे लायकमिंगसारख्या इंजिनांना दोन मॅग्नेटो आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग बसवले गेले. अशा विमानात बॅटरी उतरली, अल्टरनेटर जळला, मुख्य तार तुटली, तरी इंजिन चालूच राहतं. रेडिओ बंद पडेल, दिवे जातील, पण पंखा फिरत राहील.

दोन मॅग्नेटोंच्या या जुन्या जोडीबरोबर आलेली एक सवय मला सगळ्यात मोलाची वाटते. प्रत्येक उड्डाणाआधी धावपट्टीच्या तोंडाशी वैमानिक इंजिनाचे फेरे साधारण सतराशे-अठराशेवर नेतो, एक मॅग्नेटो बंद करून फेरे किती उतरतात ते पाहतो, तो पुन्हा चालू करतो आणि दुसरा बंद करून पाहतो. दोन्ही जिवंत असल्याची खात्री झाल्याशिवाय चाक पुढे सरकत नाही. दुसऱ्या मॅग्नेटोवर भरवसा ठेवता येतो तो या रोजच्या तपासणीमुळे. जो स्रोत राखीव म्हणून ठेवला आणि कधी एकट्याने चालवून पाहिलाच नाही, तो आज जिवंत आहे की वर्षभरापूर्वीच मेला, हे कुणालाच ठाऊक नसतं. या पुस्तकात मी अनेक सर्किटं मांडली आहेत, पण त्या सगळ्यांमागचा माझा आग्रह एवढाच आहे. दुसरा स्रोत पहिल्यापासून खरोखर वेगळा असावा, आणि तो एकट्याने चालतो हे उडण्यापूर्वी पाहिलेलं असावं.

'वेगळा' हा शब्द किती फसवा असू शकतो ते मॅग्नेटोच्याच इतिहासात दिसतं. सत्तरच्या दशकात बेंडिक्सने वजन आणि जागा वाचवण्यासाठी दोन मॅग्नेटो एकाच डब्यात बसवले आणि दोघांना एकाच दांड्यावर फिरवलं. ठिणग्या दोन, प्लग दोन, स्विचही दोन, पण दांडा एक. तो दांडा किंवा डबा धरून ठेवणारा क्लॅम्प सुटला तर दोन्ही ठिणग्या एकदम जाणार. मोठ्या विमानांतही हेच घडलेलं आहे. 19 जुलै 1989 ला अमेरिकेत सू सिटीजवळ युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-10 च्या शेपटीतलं इंजिन फुटलं. नियंत्रणासाठी तीन स्वतंत्र हायड्रॉलिक यंत्रणा होत्या, पण शेपटीत तिन्हींच्या नळ्या जवळजवळ होत्या. उडालेल्या तुकड्यांनी तिन्ही कापल्या. फक्त दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत वैमानिकांनी विमान धावपट्टीपर्यंत आणलं, आणि 296 जणांतले 184 वाचले. जानेवारी 2008 मध्ये क्वांटासचं 747 बँकॉककडे उतरत असताना स्वयंपाकघराच्या सांडपाण्याने घात केला. ते पाणी खाली झिरपून जनरेटरच्या नियंत्रक पेट्यांवर पडलं आणि चारपैकी तीन एसी बसबार, म्हणजे उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्ट्या, मेले. चारही इंजिनं व्यवस्थित फिरत होती. विमान सुखरूप उतरलं हे नशीब, कारण धावपट्टी समोरच होती.

घरच्या विमानात इतकं मोठं काही नसतं, पण चूक तीच होते. दोन इग्निशन, दोन संगणक, दोन पंप, आणि सगळ्यांचं निगेटिव्ह फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीवरच्या, एकाच बोल्टला. तो बोल्ट सैल झाला की सगळं जातं. दोन बॅटऱ्या, पण एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच जागी तापलेल्या आणि एकाच वयात थकलेल्या. दोन अल्टरनेटर, पण रेग्युलेटर एक. दोन तारा, पण फायरवॉलमधून एकाच भोकातून गेलेल्या, तेही रबरी ग्रॉमेटशिवाय. धातूच्या विमानाचा सांगाडाच निगेटिव्हचं काम करतो. फायबरच्या विमानात मात्र प्रत्येक उपकरणाला परतीची तार वेगळी घालावी लागते, आणि त्या तारा शेवटी कुठे एकत्र येतात हे नकाशात काढलेलंच नसतं. माझ्या मते सगळ्यात घातक दुवे नेहमी निगेटिव्हच्या बाजूला सापडतात, कारण तिकडे कुणी पाहत नाही. घरांच्या आणि गाड्यांच्या वायरिंगमध्ये आयुष्य गेलेला कुठलाही वायरमन याला दुजोरा देईल.

आता हे सगळं जास्त महत्त्वाचं का झालं, ते सांगायला हवं. गेल्या दोन-तीन दशकांत घरच्या विमानांतून मॅग्नेटो हळूहळू बाहेर पडले. त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं आणि कार्ब्युरेटरच्या जागी संगणकाने चालणारं इंजेक्शन. फिरत्या जायरोंच्या घड्याळांची जागा काचेच्या पडद्यांनी घेतली. इंधन कमी लागतं, इंजिन मऊ चालतं, पडद्यावर सगळं एका नजरेत दिसतं. मी या बदलाच्या बाजूचा आहे. पण त्याने धोक्याची जागा बदलली हे मान्य करायला हवं. ज्या विमानाच्या इंजेक्शनचा पंप, संगणक आणि कॉइल सगळे बॅटरीवर चालतात, त्याची वीज गेली की इंजिन गेलं. मोटारीचं इंजिन विमानाला बसवणाऱ्यांच्या बाबतीत हे तर सुरुवातीपासूनच खरं आहे. काही इग्निशनांमध्ये स्वतःचा छोटा जनरेटर असतो आणि इंजिन पुरेशा वेगाने फिरत असेपर्यंत ती बाहेरच्या विजेशिवाय चालतात. एखादी वस्तू निवडताना माझा पहिला प्रश्न हाच असतो, की बाहेरची वीज काढून घेतली तर ही काय करते?

रोटॅक्स कंपनीची दोन इंजिनं शेजारी ठेवली की फरक स्पष्ट होतो. जुन्या 912 मध्ये कार्ब्युरेटर आहेत आणि इग्निशनचे दोन स्वतंत्र विभाग इंजिनातल्याच गुंडाळ्यांवर चालतात. एकदा सुरू झालं की बॅटरी काढून टाकली तरी ते चालतं. नव्या 912 आयएसमध्ये इंजेक्शन आलं, म्हणून इंजिनातच दोन जनरेटर बसवले गेले. पहिला इंजिनाचा संगणक आणि पंप चालवतो, दुसरा विमानाची बाकीची उपकरणं. पहिला गेला तर दुसरा आपोआप इंजिनाकडे वळतो आणि विमानाची उपकरणं बॅटरीवर उरतात. दोन्ही गेले तर बॅटरीची वीज इंजिनाला देण्याचा वेगळा स्विच आहे. उपकरणांच्या आधी इंजिन वाचवायचं, हा क्रम कारखान्यातच ठरवून टाकलेला आहे. जो बांधणारा स्वतःच्या नकाशाने विमान करतो, त्याला हा क्रम स्वतः ठरवावा लागतो, आणि तो शांतपणे टेबलाशी बसून ठरवावा लागतो.

या विषयावर बांधणाऱ्यांसाठी सगळ्यात मोठं काम केलं ते कॅन्ससच्या बॉब नकल्स यांनी. त्यांचं 'एरोइलेक्ट्रिक कनेक्शन' हे पुस्तक आणि त्यातले झेड क्रमांकाचे नकाशे वापरून हजारो विमानांचं वायरिंग झालं. त्यांचा एक विचार मला पहिल्या वाचनातच पटला. भाग बिघडणार नाही अशी आशा धरण्यापेक्षा तो बिघडेल हे गृहीत धरावं, आणि बिघडल्यावर वैमानिकाला घाम फुटणार नाही अशी रचना करावी. त्यांच्या नकाशांतला सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे एन्ड्युरन्स बस. रोजच्या उड्डाणात या वेगळ्या बसबारला मुख्य बसबारकडून एका डायोडमधून वीज मिळते. अल्टरनेटर गेला की वैमानिक दुसरा स्विच लावतो आणि तिला थेट बॅटरीची वीज मिळू लागते. मग तो मास्टर, म्हणजे मुख्य स्विच, बंद करतो. डायोडमुळे वीज उलटी मुख्य बसबारकडे जात नाही. मास्टरचा कॉन्टॅक्टर नुसता दाबून धरायलाच जवळजवळ एक अँपिअर खातो, तोही वाचतो. मास्टर कॉन्टॅक्टरच जळाला तरी या वाटेने उपकरणं जिवंत राहतात. एक डायोड, एक स्विच, एक फ्यूज, एवढ्यात विमानाला खरोखर वेगळी वाट मिळते. इतक्या कमी खर्चात इतकी मोठी सुरक्षितता विमानात दुसरीकडे कुठे मिळत असेल असं मला वाटत नाही.

त्या वाटेवर किती वेळ निभेल याचं गणित मात्र प्रत्येकाने स्वतः करायचं. समजा 17 अँपिअर-तासांची बॅटरी आहे आणि ती वयाने ऐंशी टक्क्यांवर आली आहे. म्हणजे हाती साडेतेरा. पडदा, रेडिओ आणि ट्रान्सपॉन्डर मिळून चार अँपिअर लागत असतील, तर तीन तासांहून जास्त निभेल, बहुधा टाकीतल्या इंधनाइतकं. आता याच बॅटरीवर इंजेक्शनचा पंप, संगणक आणि कॉइल यांचे आणखी बारा अँपिअर टाका. भागाकाराने पन्नास मिनिटं येतात, पण बॅटरीवर छापलेला आकडा वीस तासांत सावकाश उतरवल्यावरचा असतो. सोळा अँपिअरने ओढली तर ती त्याहून बरंच कमी देते. अर्धा तास मिळाला तरी समाधान मानावं. म्हणून माझं मत असं: मॅग्नेटोवर चालणारं आणि दिवसाउजेडी, स्वच्छ हवेत उडणारं विमान असेल तर एक अल्टरनेटर, एक बॅटरी आणि एन्ड्युरन्स बस पुरेशी आहे. इंजिन विजेवर अवलंबून असेल तर वीज तयार करणारी दोन यंत्रं हवीत, नुसत्या दोन बॅटऱ्या नव्हेत. व्हॅक्यूम पंप काढून टाकल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागी आठ अँपिअरचा छोटा डायनॅमो बसतो. त्याचा आणि बॅटरीचा मिळून हिशोब घातला की ती पन्नास मिनिटं साधारण एक तास चाळीस मिनिटांवर जातात.

वीज जास्त आली तर काय, हा प्रश्न वीज गेली तर काय याच्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि बांधणारे तो बहुतेक विसरतात. अल्टरनेटरचा रेग्युलेटर एका प्रकारे बिघडला की फील्डला पूर्ण करंट मिळत राहतो आणि 14 व्होल्टची यंत्रणा सोळा, अठरा करत वर चढते. बॅटरी थोडा वेळ हा जादा भार पिऊन घेते आणि मग उकळायला लागते. त्यावर उपाय म्हणजे सोळा व्होल्टच्या जरा वर फील्ड तोडून टाकणारं संरक्षण. ते अल्टरनेटर बंद करतं, म्हणजे विमान पुन्हा बॅटरीवर येतं. एक धोका टाळताना दुसऱ्याच्या दारात जाणं हे इथे अटळ आहे, आणि म्हणूनच दोन्हींची तयारी एकत्र करावी लागते. लिथियम बॅटरी वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. तिच्या आतलं नियंत्रण सर्किट तिला वाचवण्यासाठी तिला यंत्रणेतून तोडू शकतं, आणि बॅटरीविना अल्टरनेटरचा व्होल्टेज बिथरतो. बॅटरी वाचते, विमानाचं काय ते तिला ठाऊक नसतं.

उलट्या टोकाचा धोकाही आहे. घाबरून माणूस सोयी वाढवत जातो: दोन बॅटऱ्या, दोन अल्टरनेटर, मध्ये क्रॉसफीड, प्रत्येकाला स्विच, प्रत्येकाला दिवा. वजन वाढतं, जोड वाढतात, आणि प्रत्येक जोड म्हणजे लूज कनेक्शनची एक नवी शक्यता. त्याहून वाईट म्हणजे संकटात वैमानिकाला पाच स्विचांच्या योग्य क्रमाची आठवण ठेवावी लागते, तेही विमान उडवता उडवता. घरी बांधलेल्या विमानांवर अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 मध्ये अभ्यास केला. विमानाच्या अगदी सुरुवातीच्या उड्डाणांत अपघातांचं प्रमाण लक्षणीय असल्याचं त्यात दिसलं, आणि इंजिनाची ताकद जाणं व विमानावरचा ताबा सुटणं ही मोठी कारणं निघाली. नवी यंत्रणा आणि तिला नवा वैमानिक, दोघे एकाच वेळी शिकत असतात. अशा वेळी विजेच्या बिघाडावरचं उत्तर एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. 'कमी व्होल्टचा दिवा लागला: हा स्विच वर, तो खाली, जवळच्या धावपट्टीकडे.' याहून लांब सूचना लिहावी लागली तर नकाशा पुन्हा काढावा. तो दिवा तेरा व्होल्टवर लागावा असं मी सुचवतो. चांगला अल्टरनेटर सव्वाचौदाच्या आसपास धरतो आणि एकटी बॅटरी साडेबाराला येते. तेराला दिवा लागला की अल्टरनेटर गेल्याचं बॅटरी उतरण्याच्या कितीतरी आधी कळतं.

आपल्या हवेबद्दल परदेशी पुस्तकांत लिहिलेलं सापडत नाही, म्हणून तिला इथे स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. शिसे-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य तापमानाच्या दर दहा अंश वाढीला साधारण निम्मं होतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या विमानाची बॅटरी थंड देशातल्या पुस्तकाने सांगितलेली वर्षं काढणार नाही. पावसाळ्याचे चार महिने ठाणे-कोकणची हवा तांब्याला हिरवं करते. लग नीट दाबलेला नसेल तर दमट हवा तारेच्या केसांमधून आत शिरते आणि वरून धड दिसणारा जोड आतून कुजतो. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो, उपकरणाला नव्हे, हे जसं पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, तसंच हेही: दर पावसाळ्यानंतर प्रत्येक निगेटिव्ह जोड सोडवून, घासून, पुन्हा आवळावा. दिसायला बरा आहे म्हणून सोडून देऊ नये. हे काम कंटाळवाणं आहे, आणि एखादं प्रकरण वाचायचं राहिलं तरी चालेल, पण हे राहू नये.

इंग्रजीत या विषयावर पुस्तकं आहेत, मग मराठीत कशाला, असं काही मित्रांनी विचारलं. विमान बांधणारा एकटा नसतो. पंख जोडायला शेजारचा फॅब्रिकेटर येतो, वायरिंगला आयटीआयमधून शिकून आलेला मुलगा येतो, बॅटरीवाला येतो. त्यांच्या हातात पक्कड असते आणि त्यांच्या हातून झालेला जोड वैमानिक वर घेऊन जाणार असतो. एखादी तार वेगळ्या भोकातून का न्यायची, हे त्या मुलाला त्याच्या भाषेत उमगलं तर तो ती तशीच नेईल, आणि कदाचित माझ्या नकाशातली एखादी राहिलेली फट त्यालाच आधी दिसेल. पुस्तक त्याच्यापर्यंत पोचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणून अल्टरनेटर, फ्यूज, लग, अर्थिंग हे शब्द कामावर बोलतात तसेच ठेवले आहेत.

पहिलं प्रकरण अँपिअरच्या तक्त्याने सुरू होतं. विमानातलं प्रत्येक उपकरण, ते किती ओढतं, आणि वीज गेल्यावर ते लागतं की नाही, एवढेच तीन रकाने. छापील आकडे भरू नका, मीटर लावून मोजून भरा. तो तक्ता पूर्ण होईपर्यंत पुढच्या प्रकरणातले नकाशे पाहू नका अशी विनंती आहे, कारण नकाशा आवडून गेला की माणूस आपलं विमान त्यात कोंबायला लागतो. सातव्या प्रकरणात पहिल्या उड्डाणाआधीच्या जमिनीवरच्या चाचण्या आहेत: इंजिन चालू ठेवून अल्टरनेटर बंद करायचा, मग मास्टर, मग एकेक स्रोत, आणि काय मेलं व काय जगलं ते लॉगबुकात लिहायचं.

ज्यांच्याकडे अजून विमान नाही, त्यांनी चौथ्या प्रकरणातला बॅटरीचा प्रयोग एकच बॅटरी असलेल्या घरच्या इन्व्हर्टरवर करून पाहावा. बॅटरी पूर्ण चार्ज करा, मुख्य पुरवठा बंद करा, शंभर वॉटचा एकच दिवा लावा आणि घड्याळ पाहा. इन्व्हर्टर स्वतः वीज तोडेपर्यंतचे तास मोजा. त्यांना दहाने गुणलं की बॅटरीने दिलेले अँपिअर-तास ढोबळमानाने मिळतील. तो आकडा बॅटरीवर छापलेल्या आकड्याशेजारी लिहा, खाली तारीख घाला, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजा.